नाकाचा पंप

घाटीगावला पाला पडतो
म्हणजे पानं नव्हेत.
ग्वाल्हेरच्या मराठीत पाला पांढरा असतो,
रात्रीतून हौदावर काच बसवतो.

तीन पौष ती मी कुदळीच्या दांड्यानं फोडली.
यंदा रामसनेही गुर्जरानं चराईवर कमरेइतकं खणलं,
नळी तिथवर नेली
जिथं मातीला थंडीची खबर नाही.
वर लोखंडी वाटी, आत पातं.
नाकानं ढकला, घोटभर पाणी.

चार दिवस कुणी फिरकलं नाही.
शेवटी मीच वाकून नाक लावून दाखवलं;
रामसनेही हसून हसून खाली बसला.

पाचव्या पहाटे धुक्यात
खट्...
खट्...
भुरी म्हैस.
मागं तिचं रेडकू,
आईच्या ओठावरून गळणारं चाटत.

कुदळ अजून दाराशीच आहे.
अंधारात हात जातो,
दांडा गार लागतो,
मग आठवतं.