तयार करणाऱ्याचं नाव

ओमाहात, चोविसाव्या रस्त्यावर
डॉन एवेलिओच्या दुकानात
फोनची कार्डं मिळायची, सुकवलेली कणसाची पानं,
बाप्तिस्म्याचे पांढरे झगे,
आणि मागच्या पडद्याआड कागद.
पाटीवर लिहिलं होतं: नोटारिओ.
आमच्या डोंगरात हा शब्द मोठ्या वकिलाचा.
इथे तो नुसत्या शिक्का मारणाऱ्याचा,
हे आईला कोण सांगणार?
मी अकरा वर्षांची. मलाही ठाऊक नव्हतं
की शब्दसुद्धा सीमा ओलांडताना
अंगावरचं काहीबाही टाकून येतात.

अठ्ठावीसशे डॉलर.
कत्तलखान्यात आईने ते कमावले
डाव्या मनगटाच्या जिवावर.
थंडीत ते अजून पुरतं वळत नाही.
‘काम झालंच समजा, सेन्योरा पास्कुआला.’
मला त्याने लॉलीपॉप दिलं. हिरवं.
पावती दिली नाही.

मग पत्र आलं, न्यायाधीशाची तारीख घातलेलं.
आम्ही धावत गेलो.
कणसाची पानं तशीच होती, पडदाही होता.
पडद्यामागे कोणी नव्हतं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्यापुढे पायरीच तेवढी होती,
जमीन नव्हती.

रूथ लिंडक्विस्टचं ऑफिस दातांच्या दवाखान्यावर.
जिन्यात लवंगेचा वास.
आईने बसमध्येच पढवून ठेवलं होतं:
आधी विचार, परवाना आहे का.
मी विचारलं. कान तापले माझे.
बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
भिंतीवरची चौकट उतरवून
त्यांनी आईच्या मांडीवर ठेवली,
चिठ्ठीवर एक नंबर लिहून दिला.
‘वकिलांच्या बारला फोन करून खात्री करा.
माझ्या शब्दावर जाऊ नका.’
आईला वाचता येत नाही.
तिने चौकट उलटी केली,
मागची तार ओढून बघितली,
धुळीवरून बोट फिरवलं,
बोट निरखलं,
आणि मान डोलावली.

मग जुना अर्ज निघाला.
बाई वाचत गेल्या, मी आईला सांगत गेले:
तिचा नवरा शिक्षक होता म्हणे, संघटनेचा पुढारी,
मार्चमध्ये घर जाळलं.
आई ऐकत होती, शेजारणीचं दुखणं ऐकावं तशी.
‘कोण हा शिक्षक?’
शेवटच्या पानावर एक रकाना:
तयार करणाऱ्याचं नाव.
कोरा.
त्याच्या वर आईचा अंगठा.

‘जिंकू का आपण?’
‘माहीत नाही,’ बाई म्हणाल्या.
‘पुढची तारीख मागू. खोटं आहे ते आधी आपणच सांगू.
फी हप्त्याने द्या. करार लेखी, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नको.’
माहीत नाही, हे मी आमच्या कान्होबाल भाषेत सांगितलं
आणि कितीतरी दिवसांनी
आईचे खांदे खाली आले.
एवेलिओला सगळं माहीत होतं.

‘आता खरं घडलं ते सांगा.’
आई माझ्याकडे बघत बोलू लागली.
पहाट. मक्याचं शेत. गास्पारमामा.
आणि मग एक शब्द,
जो मला येत नव्हता.
पुन्हा सांग, मी म्हटलं.
ती गप्प.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
‘हे काम तुझं नाही, बाळ.’
फोनवर फ्लोरिडातली कुणी दुभाषी लागली,
आमचीच भाषा, पलीकडच्या खोऱ्याच्या हेलाची,
आणि दार माझ्यामागे लागलं.

बाहेर बाक होतं.
मशीनमधून खारी बिस्किटं घेतली, पंचाहत्तर सेंटची.
खाली दातांचं यंत्र घरघरत होतं.
दाराआडून आईचा आवाज यायचा,
शब्द नाही, नुसती चढउतार,
मध्येच लांबलचक काहीच नाही.
मी चिठ्ठीवरचा नंबर पाठ करत बसले.
तो अजून तोंडपाठ आहे.

तो शब्द मी कुणालाच विचारलेला नाही.