तौरांचा काटा

जालन्यात पारा त्रेचाळीसवर
आणि मी तौरांच्या बियाण्याच्या दुकानात
सरकीच्या पाकिटांशेजारी
बर्फाचे बूट तोलतेय.

टूथब्रशची दांडी कापली : चार ग्रॅम.
जॅकेटचं लेबल उसवलं : एक.
चमचा, आईनं नाव कोरलेला, बाजूला.
तौर म्हणाले, "येवढ्यासाठी?
आमचे हमाल पोतं उचलताना
बिल्ला काढत न्हाईत."

काय सांगू,
पाच हजार मीटरवर चमचाही पोतं होतो म्हणे.
म्हणे. मी पाहिलेला बर्फ
रसवंतीतला, भुशात गुंडाळलेला.

कुऱ्हाड अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी म्हणतात.
पण या गावात रात्रभर पोलाद वितळतं,
हलकं काही धरलं की हात बिचकतो.

मग फैयाजनं दोर ठेवला.
काटा सर्रकन खाली.
"पातळ मिळतो," मी म्हटलं, "निम्म्या वजनात."
तो बोलला नाही, तळवा उघडला फक्त.
अंतूरच्या कड्यावर मी सुटले तेव्हा
दोर तिथून पळाला होता.

जाडच घेतला.

तौरांनी सगळी वजनं
बियाण्याच्याच पावतीवर लिहून दिली.
'उगवणक्षमता' हा रकाना
तेवढा रिकामा.