विसाव्या मिनिटाला

जनरेटर चौथ्यांदा बंद पडला,
बरोबर विसाव्या मिनिटाला.
तारांवर बोटभर बर्फ, स्कोहेगन काळोखात,
विहिरीचा पंप मुका,
शरयू गॅसवर बादलीभर बर्फ वितळवत बसलेली.

तेल पाहिलं: काठोकाठ.
उतारावर तेलाचा सेन्सर फसतो म्हणे,
म्हणून चाकांखाली फळी सारली,
पाण्याच्या बाटलीने पातळी जोखली.
प्लग घासला पॉलिश पेपरने.
दोरी ओढली. धडधड, उजेड,
आणि पुन्हा विसाव्या मिनिटाला
उचकी लागून गप्प.

मग टॉर्च घेऊन शेजारचा मर्ल आला,
लाकडाच्या गिरणीत दोन बोटं ठेवून आलेला.
काही विचारलं नाही.
पेट्रोलच्या टाकीचं झाकण
अर्धा आटा सैल केलं.

फुस्स.
टाकीने आत ओढलेला तो श्वास
मला कानटोपीतूनही ऐकू आला.

"झाकणातलं भोक गोठलंय.
हवा आत गेली नाही
तर पेट्रोल खाली कसं उतरेल?"

पंप घरघरला. नळाला आधी तांबडं पाणी.
शरयू दारातून म्हणाली,
लोणच्याच्या बरण्याही तूच लावतोस,
मला एक उघडेल तर शपथ.

एकविसावं मिनिट.
मोजत दोघंही होतो.