स्वभावाला औषध

आई म्हणायची, स्वभावाला औषध नसतं.
भांडी घासताना म्हणायची, पाठमोरी,
म्हणजे तिला हर्षलाचं तोंड दिसत नसे
आणि हर्षलाला तिचं.

मी मीटर वाचतो. काळाचौकी, शिवडी, कॉटन ग्रीन.
जिन्याखालच्या अंधारात टॉर्च मारून
कुणी किती जाळलं ते लिहून घेतो.
आकडा फक्त चढतो, आमच्या धंद्यातली एवढीच खात्री.
घरात मात्र बावीस वर्षं
एका माणसाचं रीडिंग मला लागलं नाही.

सोमवारी मी तिचा देवमाणूस.
बुधवारी फोन उचलायला चार रिंग उशीर झाला,
मी शिवडीत शिडीवर होतो,
तर मी कसाई, बापाच्याच वळणाचा,
मला ती मेलेलीच हवी आहे.
गुरुवारी पुन्हा चहा, माझ्या कपात साखर जास्त,
आणि तिची बाही मनगटापर्यंत ओढलेली. मे महिन्यात.

नाटकं, म्हणाले काका.
उजवून टाका, म्हणाल्या समोरच्या खोतकाकू.
नाक्यावर उतारा ठेवला. नारळ रात्रीतून कुणी उचलला,
बाकी सगळं होतं तिथेच.

परळच्या हॉस्पिटलात दुसरा मजला, लाकडी बाक,
भिंतीवर तक्ता. तीन रांगा, दहा नावं.
वर संशयी, एकलकोंडे, जरा विचित्र वाटणारे.
मध्ये कुणाचंच न मानणारे, मिरवणारे,
आरशातच बिऱ्हाड केलेले, आणि काठावरचे.
खाली भिणारे, बिलगणारे, रेघ न ओलांडणारे.
नंबर येईपर्यंत मी अख्खी चाळ बसवली त्यात.
तीन कड्या लावणारे दळी मास्तर, वरची रांग.
मग एक खोडाखोड झाली की
आख्खं पान फाडून पुन्हा लिहिणारा कुणीतरी आठवला.
तो मीच होतो.

डॉक्टर फुर्टाडो हसल्या.
मीठ सगळ्यांच्याच आमटीत असतं, म्हणाल्या.
वर्षानुवर्षं घास गिळवत नाही,
ना स्वतःला ना पंगतीला,
तेव्हा आम्ही त्याला नाव देतो.
आणि तो तक्ता शेजाऱ्यांसाठी नाही.

हर्षला तेव्हा पहिल्यांदा बोलली, टेबलाकडे बघत.
माणूस दाराबाहेर गेला ना, की पुसलाच जातो.
परत येईल असं सगळ्यांना कसं कळतं?

आईने तिथेही तेच काढलं, स्वभावाला औषध.
खरंय, डॉक्टर म्हणाल्या. त्या नावाची गोळी नाही.
झोपेची देते, थोडे दिवस.
बाकीचं शिकावं लागतं, दर शुक्रवारी,
दीड वर्ष, कदाचित तीन.
आणि तुम्हीपण या, महिन्यातून एकदा.

आता फ्रीजमध्ये बर्फाचे चार ट्रे,
बोंबील ठेवायला जागा नाही, आई कुरकुरते.
लाट आली की हर्षला बर्फ मुठीत धरते,
बोटं लाल होईपर्यंत.
रात्री कार्डावर आकडा लिहिते, शून्य ते पाच,
आज किती ओढ होती.
स्वतःचं रीडिंग स्वतः.

सगळं काही सुरळीत नाही. दिवाळीत टाके पडले, सहा.
दोन शुक्रवार बुडाले, एकदा तर
डॉक्टर फुर्टाडोच कसाई झाल्या.
पण आईला एक वाक्य घोटून घेतलंय तिथल्या मॅडमनी:
तुला त्रास होतोय, मला दिसतंय.
आई ते पाढ्यासारखं म्हणते, चालीत,
"दिसतंय"वर अडखळते.
परवा नळ बंद करून म्हणाली.

काल कॉटन ग्रीनला सात रिंगा चुकल्या.
मी उलटा फोन केला. ती गप्प.
मागे बर्फाचा आवाज, दातांसारखा.
पाच होतं, म्हणाली. आता चार.
खालून एक बाई ओरडली, झालं का मीटर?
मी शिडीवरच उभा.
थांबा, म्हटलं,
आकडा उतरतोय.