बुधवार दुपार

चार वर्षांचा तक्ता माझ्यापुढे, कोरा.
आठ सत्रं, चाळीस चौकोन.
पेन्सिल मी बोथटच ठेवते,
खोडलं तरी कागदावर वळ राहू नये म्हणून.
सस्काटूनमध्ये या टेबलामागे एकोणीस वर्षं झाली मला,
हलिना वोरोबेट्झ, अभ्यासक्रम सल्लागार, खोली दोनशे चौदा.
रेडिएटर खडखडतो.
खिडकीबाहेर उणे एकतीस, नदीवर वाफ.

डेल्फीन लाफ्रांब्वाज. तिचंही वय एकोणीसच.
जाड कोट काढत नाही, टोकावर बसते खुर्चीच्या.
"समाजशास्त्र. गुन्ह्यांवरचं."
बेकरीत पाव मागावा तसं.

मी भरत जाते.
पहिल्या सत्रात तोंडओळख, तिला पर्याय नाही.
मग संख्याशास्त्र. इथे भल्याभल्यांचे चेहरे पडतात.
ती म्हणते, आकडे जमतात मला:
एकशे चाळीस किलोमीटर, एका वेळेला अर्धी टाकी,
फोन वीस मिनिटांनी आपसूक तुटतो
आणि अठराव्या मिनिटाला कुठे
माणूस बोलायला लागतं.
मला वाटलं, असेल कुणी मित्र, तेलविहिरींवर कामाला.

संशोधन पद्धती. बुधवारी, दीड ते साडेचार.
"बुधवार दुपार नको."
बालगुन्हेगारी? तीही बुधवारीच.
"नको."
अगं, बुधवार टाळून पदवी मिळत नाही, मी म्हटलं,
नोकरीचं असेल तर साहेबांशी बोल, पाळी बदलून घे.
ती हसली.
"ते साहेब कुणाची पाळी बदलत नाहीत."

तिसरं वर्ष: शिक्षेचं समाजशास्त्र.
सोबत प्रिन्स अल्बर्टच्या तुरुंगाला एक दिवसाची भेट,
ओळखपत्र आणावे, बूट बंद असावेत,
असं मी वाचून दाखवत होते.
"गाडी उजवीकडे लावायला सांगा मुलांना," ती म्हणाली,
"डावीकडे छपरावरचं बर्फ कोसळतं.
आणि मुलींनी तारेची ब्रा घालू नये. यंत्र कोकलतं."

पेन्सिल तेव्हा थांबली माझी.

विचारलं नाही काही.
फॉर्मवर त्यासाठी चौकोन नाही.
पुस्तिका फिरवून तिच्याकडे सरकवली.
तिचं बोट ओळींवरून उतरत गेलं आणि अडलं:
गुन्हेगार आणि समाज, दुसरं वर्ष.
पीडितांचा अभ्यास, चौथं.
"मध्ये दोन वर्षं का?"
शिक्षकांच्या सोयीसाठी, मी म्हणाले. खरं तेच होतं.
"आमच्याकडे दोन्ही एकाच रात्री झालं.
आर्मां माझा भाऊ. एतिएन मावशीचा.
आमच्याच गॅरेजात.
एतिएनचे बूट अजून दाराशी आहेत,
कुणी उचलायचे ते ठरत नाही.
मावशी रविवारी आईला फोन करते.
दोघी हवामानावर बोलतात."

रेडिएटरने एक उचकी दिली.

मी खोडायला घेतलं.
पद्धती उन्हाळी वर्गात, बालगुन्हेगारी संध्याकाळच्या तुकडीत,
ते दोन विषय एकाच सत्रात शेजारी शेजारी,
पूर्वअट माफ करण्याचा अर्ज वेगळा.
त्यात कारणासाठी दोन ओळी असतात.
तिने दोनच शब्द लिहिले: एकच घर.

तरी बुधवार उघडाच राहतो
आणि रिकामा चौकोन संगणक लाल दाखवतो.
मला सुचलं, खूश झाले मी,
म्हटलं, क्षेत्रकार्य टाकू या! नियमात बसतं,
सहा श्रेयांक मिळतील, जातेसच नाहीतरी.

तिने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.
"नको. तिथे मी बहीण असते."

लाल राहू दिलं मग. कान तापले होते माझे.
बेरीज पुन्हा केली, हातानेच:
असं केलं तर पाच वर्षं लागतील, डेल्फीन. कदाचित साडेपाच.

"त्याला नऊ आहेत," ती म्हणाली,
आणि तक्ता घडी घालून
खिशात ठेवला, गाडीच्या किल्ल्यांबरोबर.