हिरवी तार

गाडी गुरुवारी येणार.
आहेर साहेबांनी हार सांगून ठेवलाय,
चार लिंबं आणलीत चाकांखाली द्यायला,
आणि मला म्हणाले, बच्छाव, तुम्ही फक्त
पार्किंगमध्ये एक पॉइंट काढून द्या.
एसीच्या बोर्डातून घ्या. तासाभराचं काम.

पाथर्डी फाट्याची रो-हाउसं, अकरा वर्षांची.
दोन स्क्रू काढले, प्लेट ओढली.
लाल तार आली, काळी आली,
हिरवी चार बोटं आली
आणि संपली.
भिंतीत शिरायचं सोंग करून
प्लास्टरमागे कापलेलं टोक.

दुसरा बोर्ड उघडला. तसंच.
गिझरचा. तसंच.
तिन्ही पिनांत तिसरी सगळ्यात जाड, सगळ्यात लांब,
आधी शिरते, शेवटी निघते,
घरातल्या कर्त्या माणसासारखी.
अकरा वर्षं ती रोज पोकळीत हात घालत होती.

साहेब म्हणाले, पण इतकी वर्षं काही झालं नाही ना.
हे वाक्य मी सातपूरपासून सिडकोपर्यंत
स्वयंपाकघरा-स्वयंपाकघरात ऐकलंय.
म्हटलं, गिझर दहा मिनिटांचा पाहुणा,
गाडी मुक्कामाला येते.
सात-आठ तास ओढणार, तुम्ही झोपलेले,
आणि ही अडीचची वायर
तुमच्या उशाशीच्या भिंतीतून गेलीये.
पहाटे तीनला उठून हात लावून बघायचा मग, भिंत किती तापली.

ते गप्प. मग हिशेब विचारला.
सहा एमएमची वायर, मीटरपासून सरळ, वेगळी.
वेगळा एमसीबी.
आरसीसीबी तीस मिलिअँपचा, आणि तो मी आणीन, तुम्ही ऑनलाइन बघू नका.
महावितरणला लोड वाढवायचा अर्ज.
आणि एक खड्डा.
खड्डा?
अर्थिंगला.
गाडीसाठी खड्डा!

पेठचा सुभाष भोये पहार घेऊन आला.
दीड फूट भर, विटांचे तुकडे, एक वाकडा चमचा,
मग मुरूम, मग नाशिकचा तो काळा दगड
जो कुणालाच आत घेत नाही.
सुभाष पहारीवर हनुवटी टेकवून उभा राहिला बराच वेळ,
म्हणाला, दादा, धुण्याचं पाणी कुठं जातं?
मागं, कढीपत्त्याकडे.
तिथे पहार गपकन गेली.
ओली माती, साबणाचा वास.
तांब्याची कांडी, मीठ, कोळसा.
कोळसा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने दिला पोतंभर,
विचारलं, होम आहे का कुणाकडे?
म्हटलं, तसंच धरा.

आयटीआयच्या पुस्तकात याला भूसंपर्कन म्हटलं होतं.
आम्ही पाठ केलं, लिहिलं, विसरलो.
बुधवारी संध्याकाळी टेस्टर लावला, अकरा ओहम.
दोन बादल्या पाणी ओतलं. सात.
रात्रभर मुरू दिलं.
सकाळी अडीचच्या खाली आला काटा,
आणि सुभाष, ज्याला ओहम म्हणजे काय माहीत नाही,
माझं तोंड बघून हसला.

पेटी बसवली. निळा दिवा लागला.
मी टेस्टचं बटण दाबलं. खट्.
दिवा गेला.
बिघडला का हो? साहेब जागचे उठले.
नाही. पडला.
पडणं हेच त्याचं काम, साहेब.
महिन्यातून एकदा दाबत जा,
नाही पडला तर मला फोन करा. रात्री केला तरी चालेल.

हार घातला, लिंबं फुटली,
गाडी आवाज न करता आत आली
तेव्हा सगळ्यांनाच थोडं चुकल्यासारखं झालं.
वहिनींनी पेढा दिला. सुभाषने दोन घेतले.

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला,
भिंत गार आहे.

मी जागाच होतो.
सिडकोतलं आमचं भाड्याचं घर,
फ्रिज ओढून बाजूला केलेला,
प्लेट मांडीवर, टॉर्च दातांत,
हिरवी तार हळूच ओढत होतो
किती बोटं येते बघत.