हातचा

गुरुवारचा तिसरा तास माझा होता. सातवीचे अपूर्णांक.
तो काढून घेतला आणि झिनाईदाबाईंना दिला.
मी मुख्याध्यापिकेशी भांडलो:
पोरांना अजून छेद सारखे करता येत नाहीत,
आणि तुम्ही त्यांना रंगात हात घालायला बसवता?
त्या म्हणाल्या, वरून आलंय.
आमच्या मोल्दोव्हात वरून
पाऊस सोडून सगळं येतं.

खोली मिळाली व्यायामशाळेमागची, कोळशाची.
तीनदा चुना मारला,
कोपरे काळे ते काळेच.
तिथे नऊ मुलं बसायची.
नवांच्या मिळून, घरी असलेल्या आया: दोन.
बाकीच्या बोलोन्यात, पादोव्यात,
एक तर थेट हैफात,
परक्या म्हाताऱ्यांच्या चादरी बदलत.
हे मी मोजलं. मोजणं हा माझा धंदा.

दाराच्या काचेतून बघायचो.
बाई काही शिकवत नव्हत्या.
"छान" सुद्धा म्हणत नव्हत्या.
ओनिसिम कागदावर तपकिरी रंग फासायचा,
फासत राहायचा, कागद फाटेपर्यंत.
मी असतो तर म्हटलं असतं, कागद काय झाडाला लागतात?
बाईंनी पुढच्या वेळी
जाड कागद आणला. बस्स, एवढंच.

नोव्हेंबरात तपकिरीतून एक गाडी निघाली,
पांढरी, शुक्रवारी चौकात थांबते तसली,
इटलीहून खोकी आणणारी, इथून माणसं नेणारी.
दर आठवड्याला तीच गाडी. खिडक्या, आरसा,
टपावर दोरीनं बांधलेलं सामान,
सगळं जिथल्या तिथे.
मला राहवलं नाही. दार ढकलून म्हणालो,
"चाकं राहिली की रे."
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
फळ्यावर चुकलेल्या पोराकडे मी पाहतो तसं.
"चाकं लावली की ती जाते, सर."

त्या दिवशी मी पुढचा तास
पुस्तक उलटं धरून घेतला म्हणतात.

मार्चमध्ये टूम निघाली: चित्रं दोरीवर टांगू,
फोटो काढून आयांना पाठवू, त्यांनाही बरं वाटेल.
ओनिसिम म्हणाला, "हे तिचं नाही. माझं आहे."
बाई म्हणाल्या, "ऐकलंत ना?"
आणि कपाटाला कुलूप घातलं.
किल्ल्या दोन. एक त्यांच्या गळ्यात,
दुसरी माझ्याकडे, का तर
माझं घर शाळेच्या कुंपणाला लागून.
मी कपाट कधी उघडलं नाही.
(एकदा कुलपाला हात लावला होता. गार होतं.)

मंगळवारी किशिनेवहून तपासनीस आले.
मंगळवारी बाई दुसऱ्या शाळेत असतात.
त्यांनी विचारलं, सुधारणा किती टक्के?
मुख्याध्यापिका माझ्याकडे बघू लागल्या,
टक्के म्हटलं की सगळे माझ्याकडेच बघतात.
मग म्हणाले, ते कपाट उघडा.

व्हरांड्यात ओनिसिम वाकून
बांधलेलीच नाडी पुन्हा बांधत होता.

सत्तावीस वर्षं माझी बेरीज चुकलेली नाही.
हजेरीची नाही, दुधाच्या बाटल्यांची नाही.
मी कोट चाचपला. पँट चाचपली. पुन्हा कोट.
"हरवली," म्हणालो.
खिशातले अक्रोड खडखडले,
आणि त्यांच्यात ते लोखंड,
चांगलंच खडखडलं.
तपासनीसांनी वहीत काहीतरी लिहिलं.
लिहू देत.

गुरुवारी तिसऱ्या तासाला आता मला पाचवी आहे.
कोळशाच्या खोलीतून धप्पकन आवाज आला,
ओली माती पाटावर आपटल्यासारखा,
मग पुन्हा, मग पुष्कळ वेळ काही नाही.
मी गेलो नाही बघायला.
पहिल्या बाकावरची रुक्सांदा विचारत होती,
सर, हातचा कुठे लिहायचा?
वर, म्हटलं, बारीक अक्षरात.
तपासणाऱ्याला नाही दिसला तरी चालेल.
तुला दिसला पाहिजे.